वाचकांचे प्रश्न: दार उघडणारा देश कागदावर कसा उभा करायचा?

या वेळी बरेच प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आले. कथा-कादंबरीसाठी एखादा अख्खा देश कल्पनेतून रचायचा, तोसुद्धा पूर्वी वसाहत असलेला, मग वर्षानुवर्षं जगापासून तुटलेला आणि आता हळूहळू बाहेर येणारा. विषय मला अतिशय जवळचा आहे म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: मी एक कादंबरी लिहितेय. समुद्रकाठचा एक छोटा काल्पनिक देश, एका युरोपियन सत्तेची वसाहत होता, स्वतंत्र झाला, मग पंधराएक वर्षांत एका जनरलने सगळ्या जगाशी संबंध तोडले आणि आता तीस वर्षांनी दारं उघडतायत. पहिली पन्नास पानं मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणते, छान आहे पण सिनेमाचा सेट वाटतोय. जुन्या गाड्या आहेत, गव्हर्नरची पडकी कोठी आहे, बाहेरून आलेल्या पत्रकाराचा मोबाइल बघायला पोरं गोळा होतात असा एक सीन आहे. काय करू?

उत्तर: मैत्रीण बरोबर सांगतेय. आधी तो मोबाइलचा सीन काढा. देश बंद म्हणजे आतल्या माणसांना बाहेरचं काही ठाऊकच नाही हे आपण बाहेरून बसून धरून चालतो, पण खरोखर बंद असलेल्या देशांकडे बघितलं तर चित्र वेगळंच दिसतं. बर्मा घ्या, १९६२ साली जनरल ने विनने सत्ता घेतली आणि देशाची कवाडं लावून घेतली, परदेशी पाहुण्याला फार तर सात दिवसांचा व्हिसा, पण त्याच बर्मात लोक घरी बसून बीबीसीची बर्मी सेवा ऐकत होते आणि थायलंडच्या सीमेवरून कापड, औषधं, रेडिओ असं काय काय चोरवाटेने येत होतं. माहिती होती, ओढही होती, फक्त हातात यायचं नाही.

तुमच्या मोबाइलचंच बघा. २००० नंतरच्या दशकात बर्मात (तोवर नाव म्यानमार झालं होतं) एका सिम कार्डाला हजार-दीड हजार डॉलरच्या वर पैसे मोजावे लागत होते. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि तेच सिम १५०० च्यातला (च्यात हे तिथलं चलन), म्हणजे साधारण दीड डॉलरला मिळायला लागलं. आता विचार करा, ज्या माणसाने काही वर्षांपूर्वी सगळी बचत मोडून सिम घेतलं होतं, त्या नंबरमुळे गल्लीत त्याला मान होता, लोक त्याच्याकडे निरोप ठेवायचे, त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल? मोबाइलचा सीन लिहायचाच असेल तर हा लिहा. त्यात पत्रकाराची गरजच नाही.

जुन्या गाड्यांचंही तसंच. गाडी जुनी आहे एवढ्याने वाचकाला काही कळत नाही, ती जुनी का आहे ते कळलं पाहिजे. बर्मात १९७० च्या डिसेंबरमध्ये सरकारने फर्मान काढलं की यापुढे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, तोपर्यंत ब्रिटिश पद्धतीने डाव्या बाजूने चालत होती. बरं, नियम बदलला पण गाड्या जपानमधून वापरलेल्या यायच्या, त्यांचं स्टिअरिंग उजवीकडेच, म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, आणि बसचं दार उघडतं ते भर रस्त्यात. शिवाय गाडी आणायला परमिट लागायचं, ते मोजक्याच लोकांना मिळायचं, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं जुनी खटारा गाडी बाहेरच्या जगातल्या नव्या गाडीपेक्षा महाग, आणि लोक पैसे बँकेत न ठेवता गाडीत गुंतवायचे. २०११ नंतर आयात सैल झाली तशा किमती कोसळल्या. म्हणजे देश उघडला आणि कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी दारात उभ्या उभ्या निम्मी झाली. एका गाडीत एवढं सगळं बसतं बघा, मग कोठीवरच्या वेलींचं वर्णन नसलं तरी चालतं.

आणि मनाई फक्त मोठ्या गोष्टींची असते असंही नाही. उझबेकिस्तानच्या राजधानीतली, ताश्कंदची मेट्रो १९७७ पासून धावतेय, स्टेशनं अप्रतिम देखणी आहेत, पण तिथे फोटो काढायला २०१८ पर्यंत बंदी होती. रोज त्याच झुंबरांखालून ऑफिसला जाणारा माणूस त्यांचा फोटो काढू शकत नव्हता. असल्या दोन-तीन बारीक मनाई तुमच्या देशासाठी शोधा, मोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा त्या जास्त काम करतात.

प्रश्न: माझ्या कथेतला जनरल थोडा वेडसर दाखवलाय, ज्योतिषावर विश्वास वगैरे. देश बंद करण्यामागे एवढं कारण पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. ज्योतिष, आकड्यांचं वेड हे खऱ्या हुकूमशहांमध्येही होतं, त्याबद्दल खाली पैशाच्या प्रश्नात येईलच, पण अख्खा देश कुणा एकाच्या लहरीने बंद होत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. सुरुवातीला लोकांना ते पटलेलं असतं! ही गोष्ट लेखक बहुतेक वेळा सोडून देतात आणि मग त्या देशातली माणसं मूर्ख वाटायला लागतात, मला ते फार खटकतं.

गिनीचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २८ सप्टेंबर १९५८ ला फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींमध्ये सार्वमत घेतलं, फ्रान्सच्या नव्या व्यवस्थेत राहायचं का म्हणून, आणि एकट्या गिनीने नाही म्हटलं. गिनीचा नेता सेकू तूरे याने फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान द गॉल यांच्या तोंडावर सांगितलं होतं की गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा आम्हाला स्वातंत्र्यातलं दारिद्र्य पसंत आहे. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि फ्रेंच माणसं निघाली ती सामानासकट, फायली नेल्या, उपकरणं नेली, फोन उचकटून नेले, कर्मचारी काढून घेतले. पुढे १९६० मध्ये गिनीने स्वतःचं चलन काढलं तर फ्रेंच गुप्तहेर खात्याने खोट्या नोटा छापून त्या बाजारात सोडल्या. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांनी राजधानी कोनाक्रीवर समुद्रातून छापा घातला. म्हणजे बाहेरचे आपल्या वाईटावर आहेत असं तूरे म्हणायचा ते खोटं नव्हतं, पुरावे होते त्याच्याकडे. आणि मग त्याच खऱ्या भीतीचा वापर करून त्याने स्वतःच्या लोकांना कॅम्प बोइरो नावाच्या तुरुंगात डांबलं, डियालो तेली, जो आफ्रिकी एकता संघटनेचा पहिला महासचिव होता, तोसुद्धा १९७७ मध्ये तिथेच मेला. भीती खरी आणि तिच्या नावावर केलेला जुलूमही खरा, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवता आल्या तर तुमचा जनरल उभा राहील.

बर्मातही मागे इतिहास होता. वसाहतीच्या काळात तिथला व्यापार ब्रिटिश कंपन्या आणि भारतातून गेलेले व्यापारी यांच्या हातात, रंगून शहरात बर्मी लोकच अल्पसंख्य, तीसच्या दशकातल्या मंदीनंतर खालच्या बर्मातली जवळजवळ चौथा हिस्सा भातशेती दक्षिण भारतातून गेलेल्या चेट्टियार सावकारांकडे गेलेली. स्वातंत्र्य १९४८ चं, पण स्वातंत्र्यलढ्याचा नेता ऑंग सान त्याच्या आदल्या वर्षीच मारला गेला, आणि लगेच चहूबाजूंनी बंडं. अशा देशाला कुणी सांगितलं की सगळं आपल्या हातात घेऊ, बाहेरचे नकोत, तर ते ऐकायला बरंच वाटणार. मग १९६३-६४ मध्ये दुकानं सरकारने ताब्यात घेतली आणि लाखो भारतीय वंशाच्या लोकांना, ज्यातले कित्येक तिथेच जन्मलेले होते, जवळपास रिकाम्या हाताने देश सोडावा लागला. तुमच्या देशात असं कोण होतं ज्याला दार बंद होताना बाहेर काढलं? ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दार उघडतं तेव्हा त्यांची नातवंडं परत येतात आणि आजोबांच्या दुकानासमोर उभी राहतात.

प्रश्न: काल्पनिक देशाचं चलन फक्त नाव देऊन भागवलं तर चालेल ना? अर्थशास्त्रात मला गती नाही.

उत्तर: अर्थशास्त्र नको, पण पैसा हवाच. माझं स्पष्ट मत आहे की बंद देश बाकी कशापेक्षाही त्याच्या नोटांमध्ये दिसतो, त्यामुळे याच उत्तराला मी जास्त जागा घेणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दोन दर. म्यानमारमध्ये २०१२ पर्यंत सरकारी हिशेबात एका डॉलरला सहा च्यातच्या आसपास भाव होता आणि बाजारात आठशेच्या आसपास. सहा आणि आठशे! याचा अर्थ समजून घ्या, ज्या माणसाला सरकारी दराने डॉलर मिळायचे त्याला काहीही न पिकवता, काहीही न बनवता बसल्या जागी शंभर पटीहून जास्त फायदा. त्यामुळे हुशार माणसाचं सगळं डोकं माल बनवण्याऐवजी सही मिळवण्यात खर्च व्हायचं. १ एप्रिल २०१२ ला हा दुहेरी कारभार संपवला आणि दर ८१८ ठरला. उझबेकिस्तानातही तेच, ५ सप्टेंबर २०१७ ला डॉलरचा सरकारी दर एका दिवसात ४२१० सोमवरून (सोम हे तिथलं चलन) ८१०० वर नेला आणि काळ्या बाजारातल्या दलालांचा धंदा बसला. त्याआधी तिथे कित्येक वर्षं सर्वांत मोठी नोट हजार सोमची होती आणि काळ्या बाजारात डॉलरचा भाव दोन हजारांच्या वर गेलेला, त्यामुळे शंभर डॉलर बदलले की दोनशेच्या वर नोटा, लोक पिशवीत घालून न्यायचे, आणि दुकानदारांची बोटं नोटा मोजण्यात इतकी तयार झालेली की बघत राहावं.

दुसरी गोष्ट, नोट रद्द होण्याची भीती. ने विनने ती तीनदा रद्द केली, १९६४, १९८५ आणि १९८७. त्यातली १९८७ ची सगळ्यात वाईट. ५ सप्टेंबरला २५, ३५ आणि ७५ च्यातच्या नोटा रद्द, बदलून काहीच मिळणार नाही, चलनातला निम्म्याहून जास्त पैसा एका घोषणेत कागद झाला. नंतर ज्या नव्या नोटा आल्या त्या ४५ आणि ९० च्या, कारण ९ हा त्याचा लाडका आकडा. विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे गेले, ते रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या वर्षीच्या ८ ऑगस्टच्या मोठ्या उठावाची वाट तिथून सुरू झाली. ज्याने प्रश्नात ज्योतिषाबद्दल विचारलंय त्यांना सांगते, आकड्याचं वेड दाखवा पण ते असं, कुणाच्या तरी फीमध्ये घुसलेलं दाखवा.

यानंतर त्या देशातला माणूस आपल्या नोटेवर विश्वास का ठेवेल? तो सोनं घेतो, जमीन घेतो, गाडी घेतो, नाहीतर डॉलर घेतो. आणि डॉलरही कसा, तर कोरा. म्यानमारमध्ये नुकतं पर्यटन वाढायला लागलं त्या दिवसांत हॉटेलच्या काउंटरवर हा प्रकार ठरलेला होता. पाहुण्याने शंभरची नोट पुढे केली की काउंटरवरचा माणूस ती दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायचा, मधोमध घडीची रेघ आहे का बघायचा, कुठे शाईचा ठिपका, कोपऱ्याला टाचणीचं भोक, मग नंबर वाचायचा, सीबी अक्षरांनी सुरू होणारा असेल तर परत, आणि नोट अगदी खरी असली तरी जरा चुरगळलेली असली की नाही म्हणून हसून परत द्यायचा. घेतलीच तर कमी भावाने. लोक डॉलर पुस्तकाच्या पानांत सपाट ठेवायचे. तो काउंटरवरचा माणूस वेडा नाही, त्याच्या मागे तीन नोटबंद्या आहेत आणि ती नोट पुढे त्याच्याकडून कुणी घेतली नाही तर नुकसान त्याचं आहे. तुमच्या कादंबरीत अर्थव्यवस्थेवर एक ओळही न लिहिता एवढा काउंटर नीट लिहिलात तरी वाचकाला सगळं कळेल.

तेव्हा चलनाचं नाव काहीही ठेवा. फक्त एवढं ठरवा की लोक पैसे कशात साठवतात, सरकारी भाव किती आणि गल्लीतला किती, आणि शेवटची नोट कधी रद्द झाली.

प्रश्न: झेंडा, राष्ट्रगीत, नकाशा, राजवटींची यादी हे सगळं आधी तयार करून घ्यावं का?

उत्तर: नकाशा करा, तोही बंदर आणि रेल्वेचा, कारण वसाहतीतली रेल्वे बहुतेक ठिकाणी खाणीपासून किंवा शेतमालापासून बंदरापर्यंत जाते, शेजारच्या दोन गावांना जोडत नाही आणि त्याचे परिणाम पात्रांच्या प्रवासात रोज दिसतात. झेंडा नंतर.

प्रश्न: देश उघडतो तो क्षण कसा दाखवावा? मी मोठ्या चौकात नव्या अध्यक्षांचं भाषण आणि लाखोंची गर्दी असं योजलंय.

उत्तर: लोकशाही आली म्हणून गर्दी, हे काही देशांत घडलंय, पण तुम्ही ज्या प्रकारचा देश सांगताय तिथे दार बऱ्याचदा आतून, बंद करणारेच उघडतात आणि आपली सोय आधी लावून मग उघडतात. म्यानमारच्या लष्कराने २००८ मध्ये घटना केली, नर्गिस चक्रीवादळाने माणसं मेली होती त्याच मे महिन्यात सार्वमत उरकलं, त्या घटनेत संसदेच्या चौथा हिस्सा जागा लष्कराला, आणि घटना बदलायला पाऊणपेक्षा जास्त मतं हवीत, म्हणजे त्यांच्या मर्जीशिवाय बदल अशक्य. मग नोव्हेंबर २०१० मध्ये निवडणूक, आठवड्याभरात लोकशाहीवादी नेत्या ऑंग सान सू ची यांची नजरकैद संपली, २०११ च्या मार्चमध्ये थेन सेन अध्यक्ष झाले, स्वतः माजी जनरल. तरी मजा बघा, त्याच माणसाने सप्टेंबर २०११ मध्ये चीनच्या पैशातून होणारं मित्सोन धरण थांबवलं, लोकांचा विरोध होता म्हणून. कुणालाच अपेक्षा नव्हती. आपली सोय लावलेला माणूसही खरोखर काहीतरी करू शकतो, पात्र म्हणून तो जास्त चांगला आहे.

गिनीत दार उघडलं कारण तूरे १९८४ मध्ये वारला आणि आठ दिवसांत लष्कराने सत्ता घेतली. उझबेकिस्तानात अध्यक्ष करीमोव २०१६ मध्ये वारले आणि त्यांचाच पंतप्रधान मिर्झियोयेव अध्यक्ष झाला, आणि सामान्य माणसाला उघडणं जाणवलं ते १ जानेवारी २०१९ ला, देशाबाहेर जायला पासपोर्टवर जो परवानगीचा शिक्का लागायचा ती पद्धत बंद झाली तेव्हा. चौकापेक्षा पासपोर्ट ऑफिसमधली रांग लिहा, माझा तरी कौल तिकडे आहे. रांगेत माणसं बोलतात, भाषणात एकटा अध्यक्ष बोलतो.

प्रश्न: कथा कुणाच्या नजरेतून सांगावी? परदेशी पत्रकार घेतला तर वाचकाला त्याच्याबरोबर देश कळत जाईल असं मला वाटतं.

उत्तर: सोपं पडतं खरं, पण मग तुमच्या देशातली सगळी माणसं त्या पत्रकाराला माहिती देण्यासाठीच जन्मल्यासारखी होतात. आतलं कुणीतरी घ्या, आणि शक्यतो असं की ज्याचं पोट बंद दारावर होतं. दुभाषा, परमिटचा दलाल, फोनवाला... किंवा सेन्सॉर. म्यानमारमध्ये प्रत्येक मासिक, प्रत्येक पुस्तक छापण्याआधी सरकारी छाननी खात्यात जायचं, नको असलेल्या ओळींवर शाई फासलेली असायची, पानं फाडलेली असायची. २०११ साली त्या खात्याच्या प्रमुखानेच रेडिओ फ्री एशियाला सांगितलं की ही सेन्सॉरशिप बंद व्हायला हवी. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये छापण्याआधीची तपासणी खरंच बंद झाली, २०१३ च्या एप्रिलपासून खाजगी दैनिकं निघायला लागली.

मला तो साधा कारकून दिसतो जो वीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण लाल पेनने तपासत होता. देशात कोण काय लिहितंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, ज्या कविता कुणीच वाचल्या नाहीत त्या त्याने वाचल्यात. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला तर टेबलावर काय असेल? ज्यांच्या ओळी खोडल्या ते लेखक त्याला चहाच्या दुकानात भेटले तर कोण आधी बोलेल? असा निवेदक मिळाला तर पत्रकार तुम्हाला आठवणारही नाही.

प्रश्न: शेवट आशेचा करावा का? माझी नायिका पासपोर्ट मिळवते तिथे मी थांबणार आहे.

उत्तर: आशा हवी, पण पुढचं माहीत असून थांबणं वेगळं आणि माहीत नसताना थांबणं वेगळं. म्यानमारमध्ये स्वस्त सिमबरोबर फेसबुक घरोघर आलं आणि त्याच फेसबुकवरून रोहिंग्यांविरुद्ध विष पसरलं, २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांवर लोक बांगलादेशात पळाले, आणि आपण पुरेसं काही केलं नाही हे कंपनीने पुढच्या वर्षी कबूल केलं. ज्या लोकांना १९८२ च्या कायद्याने नागरिकत्वच नव्हतं त्यांच्यासाठी दार उघडलं म्हणजे नेमकं काय झालं? देश उघडतो तेव्हा सगळ्यांसाठी सारखा उघडत नाही, हे तुमच्या कादंबरीत कुठेतरी असलंच पाहिजे. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, पहाटेच इंटरनेट आणि फोन तोडले.

इरिट्रियाचंही बघा. इथिओपियाशी १९९८ ला सुरू झालेल्या युद्धानंतर सीमा बंद, फोन बंद. जुलै २०१८ मध्ये समेट झाला आणि फोन लागायला लागले तेव्हा लोक अक्षरशः कुठलाही नंबर फिरवून पलीकडच्या अनोळखी माणसाशी बोलत होते. ११ सप्टेंबरला सीमा उघडली, वीस वर्षांनी नातेवाईक भेटले, बाजारात माल आला. काही महिन्यांतच एकेक नाका परत बंद होत गेला. पण त्या काही महिन्यांत जे पलीकडे गेले ते गेलेच, ज्यांनी भाऊ-बहिणींना पाहिलं त्यांनी पाहिलंच, ते कुणी रद्द करू शकत नाही. मला आशा तिथे दिसते.

म्हणून पासपोर्टवर थांबू नका, त्यापुढची दोनेक वर्षं लिहा. नायिका बाहेर जाते का, की पासपोर्ट हातात आल्यावर तिला कळतं की तिकिटाचे पैसे नाहीत आणि तिकडचा व्हिसा मिळत नाही? मागे राहिलेल्या आईला ती कुठल्या फोनवरून फोन करते, आणि त्या फोनचं बिल कोण भरतं? दुसरा खर्डा झाला की मैत्रिणीला परत वाचायला द्या आणि ती काय म्हणाली ते मला कळवा.